दीनी तालीम आणि पैशाची चिंता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ईदचा शिरखुर्मा संपतो न संपतो तोच भिवंडी, परभणीच्या फलाटांवर पत्र्याच्या पेट्या आणि वळकट्या घेतलेली मुले दिसू लागतात. मदरशांचे वर्ष चांद्र पंचांगावर चालते. शव्वालमध्ये दाखले, शाबानमध्ये परीक्षा आणि रमजानची सुट्टी. कुराण मुखोद्गत करण्याला, म्हणजे हिफ्जला, दोन ते चार वर्षे लागतात आणि आलिम, म्हणजे धर्मपंडित, होण्याला साधारण आठ. एवढी वर्षे घर कसे चालणार, हा प्रश्न प्रत्येक पेटीबरोबर गाडीत चढतो, पण उघडपणे कोणी बोलत नाही. बाहेरच्यांना वाटते, यांना सगळे फुकटच मिळते. घरच्यांना वाटते, दीनच्या कामात पैशाचा विषय काढू नये. या दोन्ही समजुतींचा भार शिकणाऱ्या मुलावरच पडतो.

गैरसमज 1: मदरशात सगळे मोफत असते, मग पैशाची चिंता कसली?

वस्तुस्थिती: मोठ्या निवासी मदरशांत गरजू मुलाला राहणे, दोन वेळचे जेवण आणि कुतुबखान्यातली (ग्रंथालयातली) पुस्तके मिळतात, हे खरे. पुस्तके वर्षअखेर परत करायची असतात. देवबंदच्या दारुल उलूममध्ये 'इमदादी' आणि 'गैर-इमदादी' असे दोन प्रकारचे दाखले होतात. पहिल्यात खाण्याचा खर्च संस्था उचलते, दुसऱ्यात विद्यार्थी. मुलींच्या काही मदरशांत मात्र फी भरावी लागते.

मोफत जेवण धरले तरी बरेच उरते. रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडे, थंडीची रजई, साबण, औषधे, कुर्त्याचे कापड, मोबाइलचा रिचार्ज, एखाद्या अवघड ग्रंथाची 'शरह' म्हणजे भाष्य. सगळ्यात मोठा खर्च तर कुठल्याच पावतीवर नसतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मदरशात गेला की दर आठवड्याचा एक 'पगार' घरात यायचा थांबतो. घरच्या हिशेबात ही रक्कम आधी लिहावी. ती धरली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी ओढाताण होते आणि शिक्षण अर्ध्यावर सुटते.

गैरसमज 2: मदरसे सरकारी पैशावर चालतात.

वस्तुस्थिती: 1866 मध्ये देवबंदला मदरसा सुरू झाला तेव्हा मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनी त्यासाठी आठ तत्त्वे घालून दिली. सरकार आणि श्रीमंत आश्रयदाते यांच्यापासून दूर राहावे आणि सामान्य माणसांच्या वर्गणीवर संस्था चालवावी, हा त्यांचा गाभा. देशातले बहुसंख्य दीनी मदरसे आजही लोकांच्या चंद्यावर चालतात.

महाराष्ट्रात उत्तर प्रदेश किंवा बिहारसारखे मदरसा बोर्ड नाही. राज्य सरकारची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना 2013 पासून आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तिच्यातल्या डी.एड. शिक्षकांचे मानधन 6 हजारांवरून 16 हजार आणि बी.एड. शिक्षकांचे 8 हजारांवरून 18 हजार करण्याचा निर्णय झाला. पण हे मानधन गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजीसारखे विषय शिकवणाऱ्यांसाठी आहे. हदीस शिकवणाऱ्या मौलानांचा पगार त्यातून निघत नाही आणि विद्यार्थ्याच्या खिशात तर काहीच पडत नाही.

आणखी एक समज याला चिकटून असतो: मुसलमानांची बहुतेक मुले मदरशातच शिकतात. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार हे प्रमाण सुमारे 3 ते 4 टक्के होते.

गैरसमज 3: जकातीच्या पैशावर शिकणे म्हणजे भीक मागणे.

वस्तुस्थिती: जकात ही देणाऱ्याची मर्जी नाही. बचतीच्या अडीच टक्के रक्कम वर्षाला काढणे हे ऐपतदार मुसलमानाचे कर्तव्य आहे आणि ती कोणाला द्यायची याचे आठ गट कुराणातल्या सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत. ऐपतीची रेषाही ठरलेली आहे: 87.48 ग्रॅम सोने किंवा 612.36 ग्रॅम चांदी, अथवा तेवढ्या किमतीची मालमत्ता. गरजेपुरते सोडून एवढे ज्याच्याकडे नाही, तो जकातीचा हकदार. हनफी पंथाच्या मतानुसार प्रौढ मुलाचा विचार त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवरून होतो, वडिलांच्या नव्हे. लहान मुलाच्या बाबतीत मात्र वडिलांची ऐपत पाहतात. सय्यद घराण्यातल्यांना जकात चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळी मदत पाहावी लागते. म्हणून दाखल्याच्या वेळी घरची स्थिती खरी सांगावी. लाजेपोटी लपवू नये आणि फुगवूनही सांगू नये.

मदरशाची पावती कधी नीट पाहा. जकात, सदका, फित्रा, अतिया असे रकाने वेगळे असतात आणि कोणत्या रकान्यावर खूण झाली यावर पुढचे सगळे ठरते. हनफी फिकहनुसार, म्हणजे धर्मकायद्यानुसार, जकातीचा पैसा हकदाराच्या मालकीचा व्हावा लागतो. याला 'तमलीक' म्हणतात. त्यामुळे त्यातून इमारत बांधता येत नाही आणि उस्तादांचा पगारही देता येत नाही. ते सगळे अतियातून, म्हणजे साध्या देणगीतून भागवायचे. रमजानात जकात भरभरून येते, अतिया तुलनेने कमी. मुलांच्या ताटात जेवण आहे आणि उस्तादांचा पगार मात्र तटलाय, असे दृश्य म्हणूनच दिसते. कुर्बानीच्या कातड्यांचे उत्पन्न हा अनेक मदरशांचा आधार होता, पण गेल्या काही वर्षांत कातड्यांचे भाव कोसळले. 2020 चा रमजान टाळेबंदीत आला, तेव्हा चंदा गोळा करणारे 'सफीर' घराबाहेर पडू शकले नाहीत आणि कित्येक मदरशांतले पगार थांबले. देणाऱ्याने जकातीबरोबर थोडा अतियाही दिला, तर शिकवणाऱ्याचे घरही चालते.

गैरसमज 4: पैशाची काळजी वाटते म्हणजे ईमान कच्चे.

वस्तुस्थिती: तवक्कुल म्हणजे अल्लाहवर भरवसा. हातपाय न हलवता बसणे त्यात येत नाही. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस मशिदीत सगळ्यांनी ऐकलेली असते. चिंता, दुःख आणि कर्जाचा बोजा यांपासून एकाच दमात आसरा मागणारी दुआही हदीसच्या ग्रंथांत आहे. कर्जाचा बोजा मनावर येतो, हे या परंपरेने कधी नाकारलेले नाही.

मदिनेच्या मशिदीत ओट्यावर राहून शिकणारे 'असहाब-ए-सुफ्फा' गरीब होते. त्यांच्या अन्नासाठी कुराणाचे जाणकार दिवसा पाणी वाहत, लाकूडफाटा विकत आणि रात्री अभ्यास करत. कूफ्याचे इमाम अबू हनीफा रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांचा शिष्य अबू यूसुफ गरीब घरचा. त्याचा खर्च गुरूने उचलला आणि तो पुढे खलिफा हारून रशीदच्या काळात मुख्य काझी झाला. इमाम अहमद बिन हंबल यांनी शिकण्यासाठी यमनला जाताना वाटेत हमाली केली. वक्फच्या कायद्यावर ग्रंथ लिहिणारे नवव्या शतकातले खस्साफ चपला शिवून पोट भरत आणि 'खस्साफ' हे नावही त्या धंद्यावरूनच पडले. इतर विद्वानांची नावेही अशीच: जस्सास म्हणजे गिलावा करणारा, बज्जाज म्हणजे कापडवाला. आपल्याकडे गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी म्हणतात, तशीच ही नावे.

गैरसमज 5: दीन शिकवून पगार घेणे गैर आहे.

वस्तुस्थिती: जुन्या हनफी फकिहांचे, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांचे, मत खरोखर असेच होते. मात्र राज्यकर्त्यांकडून मिळणारे वेतन बंद झाले, शिकवणारे पोटामागे गेले आणि शिक्षणच बुडेल अशी वेळ आली, तेव्हा नंतरच्या हनफी फकिहांनी कुराण शिकवणे, इमामत आणि अजान यांच्या पगाराला मुभा दिली. आज मदरशांत हेच मत चालते. त्यामुळे शिकून झाल्यावर रास्त पगाराची अपेक्षा ठेवण्यात काही वावगे नाही आणि नोकरी धरताना रक्कम, सुट्ट्या, राहण्याची सोय बोलून घेण्यातही नाही.

मुभेला हद्दीही आहेत. रमजानच्या रात्री होणाऱ्या तरावीह नमाजमध्ये कुराण ऐकवण्याचे पैसे ठरवून घेणे देवबंदी मुफ्ती नाजायज मानतात. जमवलेल्या चंद्यावर टक्केवारी घेणाऱ्या सफीराचा व्यवहारही ते नाजायज ठरवतात. सफीराला ठरलेला पगार असावा, असे त्यांचे म्हणणे. सुट्टीत असे काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी विचारून घ्यावे.

गैरसमज 6: घरी चूल पेटत नसली तरी इल्म सोडू नये.

वस्तुस्थिती: नमाज, रोजा, हलाल-हराम यांपुरते ज्ञान प्रत्येकावर 'फर्ज-ए-ऐन' आहे. पूर्ण आलिम होणे 'फर्ज-ए-किफाया' आहे, म्हणजे काही जणांनी केले की बाकीच्यांची जबाबदारी उतरते. ज्यांचे पोषण आपल्यावर आहे, त्यांना वाऱ्यावर सोडणे हदीसने गुन्हा ठरवले आहे. आईवडील खरोखर त्याच मुलाच्या कमाईवर अवलंबून असतील, तर वर्षभर खंड घेणे, घराजवळच्या मदरशात बदली घेणे किंवा संध्याकाळच्या वर्गात शिकणे यात पाप नाही. उस्तादांना स्पष्ट सांगून घेतलेला खंड पुन्हा जोडता येतो. न सांगता पळून आलेल्याला परतणे अवघड जाते.

गैरसमज 7: आपसातल्या उसनवारीला लिखापढी कशाला?

वस्तुस्थिती: कुराणातली सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. मुदत, लिहिणारा, साक्षीदार, सगळे तिच्यात आले. व्याज टाळायचे म्हणून आलिम घडवणारी घरे बँकेपेक्षा नातेवाइकांकडे वळतात. ही बिनव्याजी रक्कम म्हणजे 'कर्ज-ए-हसना'. न लिहिलेले पाच हजार चाचा आणि भतीजा यांना वर्षानुवर्षे अबोल करून टाकतात. एक साधा कागद, दोन सह्या आणि परतीची तारीख एवढ्याने नाते टिकते.

आपल्याकडची भिशीही अशीच तपासावी. सगळ्यांनी सारखी रक्कम भरायची आणि पाळीपाळीने तेवढीच उचलायची, तर अनेक मुफ्ती ती जायज मानतात. लिलाव करून कमी रकमेत उचलायची भिशी मात्र व्याजात जाते.

गैरसमज 8: आलिम झाल्यावर मशिदीची इमामत, दुसरा मार्ग नाही.

वस्तुस्थिती: मार्ग आहेत, पण तयारी शिकत असतानाच करावी लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी मदरशात राहून देता येते. जामिया मिल्लिया, अलिगढ आणि हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ठरावीक मदरशांच्या सनदेवर पदवीला प्रवेश देतात. आपल्या मदरशाचे नाव त्या यादीत आहे का, हे दाखल्याआधीच पाहावे. मुंबईच्या मर्कझुल मआरिफमध्ये आलिमांसाठी इंग्रजीचा खास पदविका अभ्यासक्रम आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या जामियात दीनी शिक्षणाशेजारीच तंत्र आणि फार्मसीचे शिक्षण उभे राहिले.

सनदेच्या किमतीबद्दल भ्रमात राहू नये. 5 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण त्या बोर्डाच्या कामिल आणि फाजिल या उच्च पदव्या मात्र अवैध ठरवल्या, कारण पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली येतो. म्हणून दहावीचे प्रमाणपत्र हाताशी असलेच पाहिजे. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, उर्दू-मराठी टंकलेखन यांतले एखादे काम रमजानच्या सुट्टीत शिकून ठेवले, तर पहिल्या इमामतीचा तुटपुंजा पगारही झेपतो.

आता जे आज करता येईल ते. घराने आणि मुलाने मिळून एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: महिन्याचा खरा खर्च, त्यातले मदरसा काय देतो आणि उरलेले कोण भरणार. तिसऱ्या ओळीत नाव नसेल, तर वही घेऊन मोहतमीमसाहेबांना (मदरशाच्या प्रमुखांना) भेटावे आणि इमदाद, वजीफा (विद्यावेतन) किंवा बैतुलमालची (मदतनिधीची) सोय विचारावी. ज्या फिकहमध्ये हे मूल कर्ज, जकात आणि मजुरीचे मसले आठ वर्षे शिकणार आहे, त्याच फिकहने त्याच्या स्वतःच्या खर्चालाही वाट ठेवली आहे. ती विचारण्यात कमीपणा नाही.