चित्राखालचे नाव

सुंदर चित्र दृष्टीस पडले की आपण त्याची वाखाणणी करतो. परंतु ते काढिले कोणी, हे क्वचितच विचारतो. हल्ली तर एखादे चित्र क्षणार्धात शेकडो मोबाइलवर जाते, आणि वाटेत कोठे तरी चित्रकाराचे नाव गळून पडते. पाठविणाऱ्याच्या मनात कपट नसते. तथापि त्यात कोणाचे काय जाते, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

कलावंताचे नाव हीच त्याची पत होय. चित्र पाहून कोणास त्याला काम द्यावयाचे असले, तर नावावाचून त्याने शोध कोठे करावा? वारली चित्रांचेच पाहा. वारली घरांच्या भिंतींवर लग्नप्रसंगी स्त्रिया तांदळाच्या पिठाने चित्रे काढीत. त्यांखाली सही नसे. पुढे ही चित्रे कागदावर व कापडावर येऊन दूरदेशी गेली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांचे नाव त्यांच्या चित्रांबरोबर गेले, म्हणूनच त्यांची कीर्ती पसरली, व २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. केवळ 'वारली चित्र' एवढेच लिहिल्याने जमातीचा उल्लेख होतो. चित्र काढणारा मात्र अज्ञातच राहतो.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही हे तत्त्व मानिले आहे. चित्रकाराने आपला कॉपीराइट दुसऱ्यास विकला, तरी 'ही कृती माझी' असे सांगण्याचा अधिकार त्याजकडेच राहतो. त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइटची मुदत संपते. राजा रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांची चित्रे आज कोणासही छापता येतात. परंतु त्यांचे नाव गाळावे, असा याचा अर्थ नव्हे.

मग आपण करावे काय? चित्र दुसऱ्यास दाखविताना चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव व ते कोठून घेतले, या तीन गोष्टी लिहाव्या. कोपऱ्यातील सही कापू नये. चित्र पाहून आपण नक्कल केली असेल, तर 'अमुक यांच्या चित्रावरून' असे स्पष्ट म्हणावे. नाव ठाऊक नसल्यास आधी शोध करावा. ज्याने ते आपणांस पाठविले त्याचे नाव चित्रकाराच्या जागी घालू नये. आणि एवढे ध्यानात असावे, की नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. हयात कलावंताची कृती छापावयाची वा विकावयाची असेल, तर त्याची संमती निराळी मागावी लागते.

निबंधात दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव द्यावे, हे मुलांस वर्गात शिकविले जाते. चित्रासही तोच नियम लागू आहे. एक ओळ लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते. पण त्या ओळीने कित्येक दिवसांच्या श्रमांचे श्रेय ज्याचे त्यास पोहोचते.