डासांच्या अगरबत्तीतून निघून गेलेलं फूल

झेंडू आणि शेवंतीशिवाय आपली दिवाळी पार पडत नाही. त्यांच्याच सूर्यफूल कुळातलं एक पांढरं फूल आपल्या देव्हाऱ्यात कधी आलं नाही. त्याच्यापायी जन्मलेली हिरवी वेटोळी अगरबत्ती मात्र घरोघरी खाटेखाली धुमसत राहिली. हे फूल म्हणजे पायरेथ्रम.

ॲड्रियाटिक समुद्राच्या पूर्व काठावर, क्रोएशियापासून अल्बानियापर्यंत, चुनखडीच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर हे झुडूप मूळचं वाढतं. उंची गुडघ्याच्या आसपास, पानं राखी-रुपेरी, बुंधा लाकडासारखा टणक. पांढऱ्या पाकळ्या जवळजवळ शोभेपुरत्याच. विष आहे ते मधल्या पिवळ्या चकतीत, तिथल्या बारीक फळांच्या तैलग्रंथींत. वाळलेल्या फुलात हे विष, म्हणजे पायरेथ्रिन, भरतं शंभराला एक-दोन भाग. एवढ्यानं किड्याचे मज्जातंतू बेभान होतात आणि तो जागीच कोसळतो. माणसाचं शरीर ते लवकर मोडून टाकतं, आणि उन्हात तर ते झपाट्यानं निकामी होतं. घरासाठी हा गुण, शेतातल्या फवारणीसाठी हीच खोट.

जपानमध्ये उएयामा एईचिरो या संत्र्याच्या व्यापाऱ्याला 1886 साली अमेरिकेतून याचं बी मिळालं. 1890 मध्ये त्यानं फुलाच्या भुकटीची सरळ काडी बाजारात आणली, पण ती पाऊण तासातच संपे. काडीचं वेटोळं करण्याची कल्पना त्याची पत्नी युकी हिची. 1902 पासून वेटोळी विकली जाऊ लागली, आणि रात्रभराची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी या फुलांच्या बाजारावर जपानचीच सत्ता होती.

युद्धानं तो पुरवठा तुटला आणि केनियाचं नशीब उघडलं. तिथल्या नाकुरू, मोलो भागातलं पठार विषुववृत्ताजवळ असूनही दोन हजार मीटरच्या वर आहे. कळी धरायला या झुडपाला गारठा लागतो. सखल भागात ते नुसतं पानांनी माजतं. फुलं एकदम येत नाहीत, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हापुन्हा तोडणी. बोटांच्या चिमटीत फूल धरायचं, देठ मागे ठेवून खुडायचं, कडकडीत वाळवायचं. चार-पाच किलो ओली फुलं वाळली की जेमतेम एक किलो हाती लागतं. हे काम मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांचं.

रसायनशास्त्रानं या पिकाला मारलं, असं सरसकट लिहिलं जातं. ते अर्धंच खरं. 1949 मध्ये ॲलेथ्रिन आणि 1973 मध्ये परमेथ्रिन ही कृत्रिम भावंडं आली, अगरबत्तीतून फूल गेलं. तरीही अस्सल अर्काला गिऱ्हाईक उरलंच होतं. केनियात मात्र फुलं घेणाऱ्या सरकारी मंडळाकडून पैसे महिनोन्‌महिने थकू लागले, तेव्हा शेतकऱ्यांनी झुडपं उपटून बटाटा लावला. उसाच्या थकीत बिलांशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ती जागा टास्मानियानं पटकावली. तिथे तोडणी यंत्रानं होते आणि आज जगातला बहुतेक माल तिथूनच येतो.

भारतातही काश्मीर आणि निलगिरीत याची लागवड झाली. महाराष्ट्राच्या मातीत ती रुजली नाही, पण अर्काशी आपली ओळख आहे. हिवताप-डेंग्यूच्या साथीत घरात फवारणी होते, तिच्या सरकारी सूचनेत दोन टक्के पायरेथ्रमचा एक भाग आणि रॉकेलचे एकोणीस भाग असं प्रमाण दिलेलं असतं. तिळाच्या तेलानं या अर्काचा जोर वाढतो, हे 1940 मध्येच कळलं होतं. आपल्याकडच्या तीळवाल्यांना त्याचा फायदा झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आता ‘हर्बल’ म्हणून फुलांची चित्रं छापलेल्या डासरोधकांबद्दल. पायरेथ्रम वनस्पतीजन्य असलं तरी मधमाश्या आणि मासे यांना ते मारतंच. आणि बहुतेक पाकिटांत ते नसतंही. म्हणून दुकानात पाकीट हातात घ्याल तेव्हा चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘ॲलेथ्रिन’ किंवा, पायरेथ्रिन सोडून, ‘थ्रिन’नं संपणारं असंच दुसरं नाव असेल, तर फुलाचे पैसे मोजू नका.