काम शिकविण्याची विद्या



छत्तीस वर्षें मीं फळ्यापुढें काढलीं. अशा माणसानें कारखान्याविषयीं बोलावें, हें आपणांस कांहींसें विचित्र वाटेल. परंतु आजचा विषय मुळांत शिक्षकाचाच आहे. ‘लीन’ म्हणजे व्यर्थ श्रम, व्यर्थ वाट पाहणें आणि फाजील साठा यांना फांटा देणारी कार्यपद्धति. तिच्या जोडीला ‘कायझेन’, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा. कारखान्यांपासून रुग्णालयांपर्यंत नोकरवर्गाला या पद्धतीचे पाठ आज दिले जातात. व्याख्यानें होतात, भिंतीवर तक्ते लागतात, आणि कित्येक ठिकाणीं थोड्याच दिवसांत सारें पूर्ववत् होतें. असें कां व्हावें?

याचें उत्तर या पद्धतीच्या पूर्वकथेंत सांपडतें. १९४० सालीं युरोपांत युद्ध पेटलें असतां अमेरिकन सरकारनें ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नांवाचें खातें उघडलें. पुढें कसबी कामगार सैन्यांत गेले, आणि ज्यांनीं यंत्राला कधीं हात लावला नव्हता असे स्त्रीपुरुष त्यांच्या जागीं आले. त्यांना शिकवावयाचें कोणीं? अर्थात् त्यांच्या मुकादमांनीं. पण काम येणें निराळें आणि शिकवितां येणें निराळें. म्हणून दोन दोन तासांच्या पांच बैठकींत मुकादमांनाच शिकविण्याची विद्या देण्यांत येऊं लागली. १९४५ सालीं तें खातें बंद झालें, तोंवर १६ हजारांहून अधिक कारखान्यांनीं त्याचा लाभ घेतला होता.

या विद्येच्या पायऱ्या चार. प्रथम शिकणाऱ्याची भीति घालवून त्याला आधींचें काय येतें तें विचारावयाचें. मग काम करून दाखवावयाचें. एका वेळीं एकच टप्पा, आणि त्यांतील मर्म कारणासह सांगून. नंतर त्याच्याकडून तें करवून घ्यावयाचें व करतांना मर्म त्याच्याच तोंडून वदवावयाचें. शेवटीं त्याला कामावर लावून, अडल्यास कोणाला विचारावें हें सांगून, अधूनमधून पाहात राहावयाचें. साऱ्याचें सार असें कीं, शिकणारा शिकला नसेल, तर शिकविणाऱ्यानें शिकविलेंच नाहीं.

हें सूत्र प्रथम वाचलें तेव्हां मला एका विद्यार्थ्याची आठवण झाली. त्याला वर्षभर त्रैराशिक जमलें नाहीं, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीं ‘लक्ष नाहीं’ असा शेरा मारला. त्याला मुळीं भागाकारच येत नव्हता. तें मीं कधीं विचारलेंच नव्हतें. तो शेरा वस्तुतः कोणावर मारावयास हवा होता, हें आतां उमगतें.

युद्धानंतर हे पाठ जपानांत गेले, आणि १९५१ च्या सुमारास टोयोटा मोटार कारखान्यानें ते स्वीकारले. त्याच कारखान्यांत ताइची ओनो यांनीं वर्षानुवर्षें जी पद्धति घडविली, तिलाच १९८८ सालीं ‘लीन’ हें नांव मिळालें. पांच वेळां ‘कां’ विचारावें, असा ओनो यांचा परिपाठ असे. यंत्र बंद पडलें. कां? भार वाढून फ्यूज उडाला. भार कां वाढला? बेअरिंगला पुरेसें तेल मिळालें नाहीं. कां? तेलाचा पंप नीट ओढीत नव्हता. कां? त्याचा दांडा झिजला होता. तो कां झिजला? गाळणी नसल्यामुळें धातूचा कीस आंत गेला. पहिल्याच ‘कां’वर थांबणारा फ्यूज बदलतो, आणि यंत्र पुन्हां बंद पडतें. शेवटपर्यंत जाणारा गाळणी बसवितो.

या पांच प्रश्नांत ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दोष दाखविणाऱ्यालाच जेथें बोल लागतो, तेथें दोष झांकले जातात. मग भिंतीवरचे तक्ते कितीहि सुबक असोत. टोयोटाच्या कारखान्यांत तर साध्या कामगारालाहि दोष दिसतांच दोरी ओढून मदत बोलावण्याचा, प्रसंगीं चालूं काम थांबविण्याचा, अधिकार देण्यांत आला. शिकविलेलें टिकलें तें या विश्वासावर.

आपल्यापैकीं कित्येकांच्या हाताखालीं माणसें असतील. उद्यां नवा मनुष्य कामांत चुकला, तर शेरा मारण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या शेजारीं उभें राहावें, काम करून दाखवावें, आणि ‘कां’ हा पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा.