श्वासांची नोंदवही

भिवंडीलगतच्या राहनाळ परिसरात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. आलेला माल, गेलेला माल आणि शिल्लक यांचा ताळमेळ बसला नाही, तर तेथे मोजणी पुन्हा केली जाते. घरात बाळ जन्मले, की त्याच्याही नोंदी तितक्याच काटेकोर हव्यात: वजन, शरीराचे तापमान, मिनिटाला किती श्वास. रुग्णपरिचर्येतील संख्यात्मक संशोधन अशाच साध्या नोंदींवर उभे राहते.

याचा वस्तुपाठ महाराष्ट्रानेच घालून दिला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून नवजात बालकांच्या मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित स्थानिक स्त्रिया घरोघरी जाऊन बाळांची तपासणी, नोंद आणि शुश्रूषा करू लागल्या. ४७ गावे केवळ तुलनेसाठी निवडली होती.

ही तुलना का आवश्यक? एखाद्या वर्षी पीकपाणी चांगले झाले, साथ आली नाही, तरीही मृत्यू घटू शकतात. मग श्रेय कोणाचे? आकडे बोलके आहेत. सेवा मिळालेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते. सेवेच्या तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. ही घट सुमारे ५९ टक्के. तुलनेच्या गावांत मात्र हा दर ५८ वरून ५९.६ झाला, म्हणजे जवळजवळ ३ टक्के वाढला. दोन्ही जमेस धरता निव्वळ घट सुमारे ६२ टक्के ठरते. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विश्लेषण कितीही कुशल असले, तरी मूळ नोंद खोटी असेल तर ते व्यर्थ. न मोजलेले वजन अंदाजाने लिहिणे किंवा दगावलेले बाळ संकोचापोटी नोंदवहीबाहेर ठेवणे म्हणजे पुढच्या बाळाचे संरक्षण काढून घेणे होय.

२०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांपर्यंत ठरावीक भेटी देतात. वजनकाटा घेऊन ती दारी आली, तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नये. विचारलेली माहिती खरी सांगावी. गोदामातील चूक पुढच्या मोजणीत दुरुस्त होते. बाळाच्या बाबतीत तशी संधी मिळेलच असे नाही.