पंचविसाव्या शतकातलं पिस्तूल, किंमत पन्नास सेंट

१९३४ साली अमेरिका मंदीत गळ्यापर्यंत बुडालेली होती. बापाच्या नोकरीचा भरवसा नाही, बँकेतल्या पैशांचा तर त्याहून नाही. त्याच साली मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावच्या डेझी कंपनीने पोरांसाठी एक पिस्तूल काढलं: एक्सझेड-३१ रॉकेट पिस्तूल. पोलादी पत्रा, साडेनऊ इंच लांबी, किंमत पन्नास सेंट. त्यातून छर्रा सुटत नव्हता, पाणी नाही, ठिणगीही नाही. सुटायचा तो फक्त आवाज. तरी न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानात त्यासाठी रांगा लागल्या.

डेझीचा मूळ धंदा पवनचक्क्यांचा. १८८२ साली सुरू झालेली ही कंपनी पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला पुढे हवेची एक बंदूक भेट देऊ लागली. थोड्याच वर्षांत गिऱ्हाईक चक्की सोडून बंदुकीचीच चौकशी करू लागलं, तेव्हा कंपनीने शहाणपणाने चक्क्या बंद केल्या आणि १८९५ मध्ये नावही बदलून घेतलं. पत्रा दाबून घडवायचा, आत हवा कोंडायची आणि ‘पॉप’ करून सोडायची, ही विद्या तिच्या हाताला आधीपासून होती. नवं होतं ते रूप, आणि ते आलं बक रॉजर्सकडून.

फिलिप फ्रान्सिस नोलन यांच्या कथेतला हा नायक खाणीतल्या वायूने बेशुद्ध पडतो आणि जवळपास पाचशे वर्षांनी, थेट २४१९ मध्ये जागा होतो. ही कथा ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकाच्या ऑगस्ट १९२८ च्या अंकात आली. ७ जानेवारी १९२९ पासून डिक कॅल्किन्स यांच्या चित्रांसह तिची पट्टी वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि १९३२ मध्ये रेडिओवर मालिका. मुलं रोज वाचत होती, रोज ऐकत होती. हातात धरायला मात्र काही नव्हतं. डेझीने ती जागा बरोबर हेरली.

मग एकामागून एक मॉडेलं आली. त्यांतलं संग्राहकांचं खरं लाडकं म्हणजे एक्सझेड-३८ डिसइंटिग्रेटर. तांब्याचा मुलामा, फुगीर पोट आणि वरच्या बाजूला छोटीशी खिडकी. ट्रिगर दाबला की आत चकमक घासते आणि खिडकीतून ठिणगी दिसते. हे पिस्तूल विकत घेणारा जाणकार सर्वांत आधी नळीचं नाक बघतो, कारण खेळणाऱ्या मुलाच्या खिशात आणि जमिनीवर घासून मुलामा तिथेच पहिल्यांदा उडतो. मग खिडकी शाबूत आहे का ते बघतो, मग चकमक चालते का ते. नाकावर तांबं जसंच्या तसं असेल, तर ते पिस्तूल कुणाच्या तरी कपाटातच म्हातारं झालं असं खुशाल समजावं.

आता या पिस्तुलाच्या चरित्रातला सगळ्यांत विलक्षण भाग. दुसऱ्या महायुद्धात पत्रा युद्धाकडे वळला आणि धातूची खेळणी बंद पडली. युद्ध संपताना हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्यात युरेनियम-२३५ होतं. डेझीने युद्धानंतर खेळण्यांचं उत्पादन पुन्हा सुरू केलं तेव्हा डिसइंटिग्रेटरचाच साचा बाहेर काढला, रंग बदलला आणि नाव ठेवलं ‘यू-२३५ ॲटॉमिक पिस्तूल’. पाठोपाठ ‘यू-२३८’ही आलं. पत्रा तोच, चकमक तीच, ठिणगी तीच. युद्धाआधीची कल्पनेतली संहारशक्ती आता बातम्यांतली झाली होती आणि खेळण्याच्या कारखान्याला त्यासाठी फक्त नवी अक्षरं लागली. कंपनीत कुणाला त्यात काही वावगं वाटलं असेल असं दिसत नाही. हे पिस्तूल आज काचेच्या कपाटात सुंदर दिसतं, पण ते बघताना थोडं अवघडल्यासारखं झालं, तर तो दोष बघणाऱ्याचा नाही.

पन्नाशीचं दशक या बंदुकांचा सुकाळ. टेलिव्हिजनवर ‘कॅप्टन व्हिडिओ’, ‘टॉम कॉर्बेट’, ‘स्पेस पेट्रोल’ अशा मालिकांची रांगच लागली. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या हबली कंपनीने १९५४ मध्ये जस्ताच्या ओतकामातलं ‘ॲटॉमिक डिसइंटिग्रेटर’ काढलं. लाल मूठ, अंगभर तबकड्या आणि कंगोरे, आणि पोटात टिकल्यांचा रोल. दिवाळीत टिकल्या फोडलेल्या कुणालाही त्याची यंत्रणा समजावून सांगायला नको: तीच गुंडाळी, तोच घोडा, तोच जळका वास. अणूचं विघटन करणारं हे शस्त्र प्रत्यक्षात चिमूटभर लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेटवर चालत होतं.

इंग्लंडमध्ये ‘ईगल’ साप्ताहिकातल्या डॅन डेअरच्या नावाने बंदुका निघाल्या. जपानी कारखान्यांनी पत्र्याच्या सपाट तक्त्यावर आधी रंगीत छपाई करून मग त्यातून बंदुका घडवल्या. १९४७ ते १९५२ या काळातल्या जपानी निर्यातीच्या मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का सापडतो. मालाचं वय ठरवायला याहून सोपी खूण नाही.

संग्राहकांच्या जगात खोक्याला बंदुकीच्या बरोबरीचा मान असतो. मूल बंदूक जपतं, खोकं फाडतं; त्यामुळे खोकीच दुर्मीळ होतात. साहजिकच नकली खोकी करणारेही निघाले. जाणकार खोकं भिंगाखाली धरून छपाईचे ठिपके तपासतो, मग अंधारात अतिनील दिवा मारतो. आजच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं त्या उजेडात निळसर चमकतात. १९३४ च्या पुठ्ठ्याला ती ठाऊकच नव्हती. जस्ताच्या बंदुकांचं दुखणं वेगळं. मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर काही वर्षांनी तो आतून तडकतो आणि भुगा होऊ लागतो. त्यावर औषध नाही.

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला आणि हा छंद मोठ्या पैशांचा झाला. चित्रपटातल्या हान सोलोचं पिस्तूल जर्मन माउझर सी-९६ वर बेतलेलं, स्टॉर्मट्रूपरची बंदूक ब्रिटिश स्टर्लिंगवर. सिनसिनाटीच्या केनर कंपनीने त्यांवरून १९७८ मध्ये प्लॅस्टिकची, बॅटरीवर आवाज करणारी खेळणी काढली. म्हणजे खऱ्या बंदुकीवरून पडद्यावरची आणि पडद्यावरचीवरून पोराच्या हातातली, असा हा उलटा प्रवास.

पण केनरच्या बाबतीत संग्राहक आज ज्यासाठी जिवाचं रान करतात, ते दुकानात कधी आलंच नाही. ‘स्टार वॉर्स’मधल्या पात्रांच्या पुतळ्यांसाठी कंपनी आधी मेणाचं शिल्प करायची. त्यावरून सिलिकॉनचा साचा, साच्यातून युरेथेनची प्रत. तिला ‘हार्डकॉपी’ म्हणतात. मग पोलादी साचा तयार झाला की यंत्रातून निघणारे पहिले नग म्हणजे ‘फर्स्ट शॉट’. ते बहुधा विनारंगाचे, यंत्रात त्या वेळी असेल त्या भलत्याच रंगाच्या प्लॅस्टिकचे, कधी कॉपीराइटची अक्षरंही नसलेले. त्या काळी हा निव्वळ कारखान्यातला कचरा होता. कामगारांनी घरी नेला म्हणून वाचला.

यातला शिरोमणी बंदूक नव्हे, तर बोबा फेट नावाचा पावणेचार इंची पुतळा. १९७९ मध्ये खरेदीचे चार पुरावे पाठवा आणि पाठीवरून खरोखर रॉकेट सोडणारा बोबा फेट मिळवा, अशी केनरची योजना होती. तेवढ्यात मॅटेल कंपनीच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ खेळण्यातलं सुटं क्षेपणास्त्र गिळून एक मूल दगावलं. केनरने आपल्या रॉकेटच्या खिट्टीचा खाचा आधी ‘एल’ आकाराचा केला होता, नंतर ‘जे’ आकाराचा करून पाहिला. शेवटी नाद सोडून रॉकेट चिकटवूनच टाकलं. चाचणीचे नग तेवढे उरले. २०१९ मध्ये त्यांतला एक १ लाख ८५ हजार ८५० डॉलरला गेला आणि २०२४ मध्ये हाताने रंगवलेला एक ५ लाख २५ हजार डॉलरला. ज्या खेळण्याशी एकही मूल खेळलं नाही, ते जगातल्या सर्वांत महाग खेळण्यांत गणलं जावं, हा या छंदाचा जरा विकृत न्याय आहे. खिशात घासून नाक झिजलेलं डिसइंटिग्रेटर त्याहून कितीतरी जास्त बोलतं.

अपवाद करावा असा एक प्रोटोटाइप मात्र आहे. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत गुरूकडे जाणाऱ्या ‘गॅलिलिओ’ यानावर काम केलेले अभियंते लॉनी जॉन्सन १९८२ मध्ये घरी पाण्यावर चालणाऱ्या उष्णता पंपाचा प्रयोग करत होते. तोटी सुटली आणि पाण्याची धार न्हाणीघरभर गेली. त्यांनी पीव्हीसीची नळी, ॲक्रिलिक आणि शीतपेयाची रिकामी बाटली जोडून बंदूक केली. ती घेऊन ते लारामी कंपनीत गेले. १९९० मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्या वर्षी ‘सुपर सोकर’ नावाने सगळीकडे पोचली. डेझीच्या हेलियम पिस्तुलातून, म्हणजे एक्सझेड-४४ मधूनही १९३६ मध्ये पाणीच उडत होतं. फरक इतकाच की या वेळी बंदूक करणारा माणूस खरोखरच अंतराळाच्या कामातला होता.

मधल्या काळात खेळणं आणि खरं यांतली रेघ पुसट होऊ लागली होती. १९८६ च्या ‘लेझर टॅग’मध्ये अवरक्त किरणांनी एकमेकांना टिपायचं असे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात अंधारात हा खेळ खेळणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला खरी बंदूक समजून पोलिसाने गोळी घातली. १९८८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला: खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्याच्या नळीला नारिंगी टोक हवं. तेव्हापासून संग्राहकांना आणखी एक खूण मिळाली. पन्नाशीतली म्हणून विकायला आलेल्या बंदुकीचं टोक कारखान्यातूनच नारिंगी असेल, तर विक्रेत्याशी भावाची बोलणी करण्याची गरज उरत नाही.