युद्ध संपले, रानडे तुरुंगातच

युद्ध आणि कायदा : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण युद्धकैद्यांची अदलाबदल पाहिली. तो लेख वाचून धरमपेठेतल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने लॉ कॉलेज चौकात गाठून विचारले, "सैनिकाच्या बदल्यात सैनिक सुटतो, हे समजले. पण सैनिकच नसलेला माणूस पकडला, तर त्याच्या बदल्यात काय द्यायचे?"

कायद्याचे उत्तर असे की काहीच द्यायचे नाही. व्यवहारात मात्र या 'काहीच नाही'साठी कोणाला तरी वर्षानुवर्षे झटावे लागते. आजचा लेखांक त्या झटण्याविषयी आहे.

कायदा काय सांगतो

१२ ऑगस्ट १९४९ चा चौथा जिनिव्हा करार युद्धात सापडलेल्या नागरिकांसाठी आहे. ताब्यात घेतलेल्या प्रदेशातल्या नागरिकाला सुरक्षेसाठी अगदी अपरिहार्य असेल तरच स्थानबद्ध करता येते, असे त्याचे ७८ वे कलम म्हणते. त्या माणसाला अपिलाचा हक्क आहे आणि शक्य असेल तर दर सहा महिन्यांनी त्याच्या प्रकरणाचा फेरविचार व्हायला हवा. कारण संपले की सुटका, हे १३२ वे कलम. ओलीस ठेवायला ३४ व्या कलमाने सरसकट बंदी आहे. म्हणूनच युद्धकैद्याचा नियम नागरिकाला लावता येत नाही. सैनिकाला लढाई संपेपर्यंत अडकवून ठेवणे कायदेशीर आहे. नागरिकाच्या बाबतीत अडकवणाऱ्यालाच रोज कारण दाखवावे लागते.

आपल्या गोष्टीसाठी आणखी दोन कलमे लक्षात ठेवू. ताब्यातल्या प्रदेशातल्या माणसावर खटला चालवता येतो, त्याला शिक्षाही होते. पण ७६ व्या कलमाप्रमाणे ती त्याच प्रदेशात भोगायची असते. आणि ताबा संपला की असे सगळे आरोपी व शिक्षा झालेले कैदी, त्यांच्या कागदपत्रांसह, मुक्त झालेल्या प्रदेशाच्या प्रशासनाकडे सोपवायचे असतात. हे ७७ वे कलम.

गोव्यातले दोन प्रकारचे कैदी

१९५५ मध्ये देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि त्याच राज्यातल्या सागरच्या सहोद्राबाई राय यांनी १५ ऑगस्टला तिथे गोळ्या झेलल्या. ना. ग. गोरे, मधु लिमये हे निःशस्त्र सत्याग्रही तर कायद्याच्या भाषेत सरळसरळ नागरिक. त्यांना लांबलचक शिक्षा झाल्या, पण १९५७ च्या फेब्रुवारीत ते सुटले. गोरे तर त्याच वर्षी पुण्यातून लोकसभेवर निवडून आले.

मोहन रानडे यांचे प्रकरण इतके सरळ नव्हते. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठी शाळेचा मास्तर होता आणि आझाद गोमंतक दलाचा शस्त्र हाती घेतलेला कार्यकर्ताही. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन तो पकडला गेला. शिक्षा झाली २६ वर्षांची. पुढे त्याला गोव्यातून हलवून लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात ठेवले. अशा माणसावर खटला चालवायला कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती त्याला समुद्रापार नेण्याला आणि ताबा संपल्यावरही ठेवून घेण्याला.

पोर्तुगालचा बचाव तयार होता. गोवा हा व्याप्त प्रदेश नव्हेच, तो पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत. मग रानडे हा आमच्याच कायद्याने शिक्षा झालेला गुन्हेगार, यात जिनिव्हा आले कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये गोव्याचे नाव स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले, तरी पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांची भूमिका बदलली नाही. आजही जगभर हाच डाव खेळला जातो. पकडलेल्याला 'स्थानबद्ध' म्हटले की फेरविचार करावा लागतो. 'दहशतवादी' किंवा 'हेर' म्हटले की फाइल बंद.

सुटलेली संधी

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. भारताच्या हाती तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी आले. तिकडे पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांना छावण्यांत कोंडले. मे १९६२ पर्यंत पोर्तुगीज सैनिक मायदेशी पोचले. रानडे काशियासमध्येच राहिले.

सैनिक अडकवून ठेवायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. लढाई संपल्यावर युद्धकैद्यांना परत पाठवणे हे भारताचे कर्तव्यच होते, आणि एका नागरिकासाठी हजारो सैनिक अडवणे म्हणजे आपणही ओलीस ठेवण्यासारखे. पण सरकारे हजारांच्या याद्यांवर बोलतात, तेव्हा एकट्या माणसाचे नाव गळते. ते गळू न देणे हे काम बाहेरच्यांनाच करावे लागते.

बाहेरचे लोक

हे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत पुढे होते सुधीर फडके. धरमपेठेतल्या जुन्या घरांत बाबूजी म्हणजे गीतरामायण. ते पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित होत असतानाच रानडे पकडले गेले होते. फडके आणि रानडे दोघेही १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिलढ्यातले. त्यामुळे फडक्यांसाठी हा सोबत्याला सोडवण्याचा प्रश्न होता आणि त्यांनी तो वर्षानुवर्षे सोडला नाही.

अडचण दाराची होती. भारताने लिस्बनमधली वकिलात १९५३ मध्येच बंद केली होती. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत व्हायला १९७४ चा डिसेंबर उजाडला. दिल्लीचा शब्द जिथे पोचत नव्हता, तिथे पोचेल असा तिसरा माणूस हवा होता. कट्टर कॅथलिक राजवटीला ज्याचा शब्द सहज टाळता येणार नाही असा एकच : पोप.

हे दार ठोठावले तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी. सी. एन. अण्णादुराई १९६८ मध्ये परदेश दौऱ्यावर असताना व्हॅटिकनमध्ये पोप सहावे पॉल यांना भेटले आणि त्यांनी रानडे यांच्यासाठी शब्द टाकला. देवधर्म न मानणाऱ्या चळवळीतला हा नेता, आणि कैदी त्यांच्या राज्याचा नाही, भाषेचा नाही. त्याच वर्षी आजारपणामुळे सालाझार यांची सत्ताही गेली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली होती. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई गेले; आभार मानायला आलेल्या रानड्यांची त्यांच्याशी भेट झालीच नाही. गोव्याचे लेखक तेलो माश्करेन्यश यांना तर सुटायला १९७० साल उजाडले.

आज

युक्रेनच्या व्याप्त भागांतून रशियाने हजारो नागरिक उचलले आहेत. पत्रकार विक्तोरिया रोश्चिना त्यांच्यापैकीच. २०२४ मध्ये ती कैदेतच मरण पावली. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी हजारास हजार कैदी सोडले, त्यात पहिल्या दिवशी प्रत्येकी १२० नागरिक होते. सुटलेल्यांच्या घरी आनंदच झाला असणार. तरीही तिथले वकील आणि कार्यकर्ते नागरिकांची बिनशर्त सुटका मागतात. नागरिकाला किंमत मिळते हे एकदा दिसले, की आणखी नागरिक पकडले जातात.

अशा माणसासाठी झटणाऱ्यांना रानडे प्रकरणातून कामाचा क्रम मिळतो. आधी नाव, पकडल्याची तारीख आणि ठिकाण रेडक्रॉसकडे नोंदवून घ्यायचे. नोंद नसलेल्याला 'आमच्याकडे नाही' म्हणणे सोपे जाते. मग त्याच्यावर मारलेला शिक्का मान्य न करता कोणत्या कलमाखाली सुटका मागतो ते ठरवायचे. आणि पकडणारा कोणाचे ऐकतो ते शोधून त्याच्यापर्यंत जायचे, तो आपल्या विचारांचा नसला तरी. कलमे रानड्यांच्या बाजूची होती, पण ती आपणहून लिस्बनला गेली नाहीत. माणसांनी नेली.

पुढच्या आठवड्यात : रेडक्रॉसचा प्रतिनिधी तुरुंगात शिरतो तेव्हा त्याला काय विचारता येते, आणि बाहेर आल्यावर तो गप्प का राहतो.