गोदीतला फुटबॉल

गांधीजींच्या आत्मचरित्रात लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष म्हणून हिल्स नावाचे एक गृहस्थ येतात. मंडळ बरंचसं त्यांच्याच पैशावर चालायचं. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या डॉ. अ‍ॅलिन्सन यांना मंडळातून काढावं, असा त्यांचा आग्रह होता. तरुण गांधींना अ‍ॅलिन्सनचं म्हणणं पटत नव्हतं, पण त्याचा शाकाहाराशी संबंध काय, म्हणून ते हिल्स यांच्या विरोधात गेले. उभं राहून बोलायचा धीर होईना, तेव्हा लिहून नेलेलं दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं. जिंकले अर्थात हिल्सच.

पुढे याच हिल्स यांनी एक फुटबॉल क्लब काढला. तो आज वेस्ट हॅम युनायटेड या नावाने खेळतो.

अर्नोल्ड हिल्स हे पूर्व लंडनमधल्या 'थेम्स आयर्नवर्क्स' या जहाजबांधणी कारखान्याचे मालक. ब्रिटिश आरमाराची 'वॉरियर' ही गाजलेली चिलखती युद्धनौका इथेच बांधली गेली. हिल्स ऑक्सफर्डचे पदवीधर, दारूचे कट्टर विरोधक, आणि १८७९ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून खेळलेले फुटबॉलपटू. १८८९ मध्ये लंडनच्या गोद्या मोठ्या संपाने बंद पडल्या, त्या काळात त्यांच्या कारखान्यातही संप झाले. मग त्यांनी कामगारांना नफ्यात वाटा दिला, कामाचे तास आठ केले आणि एकामागून एक क्लब सुरू केले. १८९५ मध्ये फुटबॉलची पाळी आली.

यात भलेपणा होता आणि हिशेबही होता. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलेला कामगार दारूच्या गुत्त्यात किंवा युनियनच्या बैठकीला न जाता मैदानावर आला, तर मालकाला हवंच होतं. १८९७ मध्ये हिल्स यांनी स्वतःच्या पैशाने भलं मोठं मैदान बांधून दिलं, सायकल शर्यतींच्या ट्रॅकसकट.

नदीपलीकडे वुलिचच्या सरकारी शस्त्रकारखान्यात गोष्ट उलटी घडली होती. १८८६ मध्ये डायल स्क्वेअर या विभागातल्या कामगारांनी आपापसात वर्गणी काढून संघ उभा केला. तोच आजचा आर्सेनल. जर्मनीत लेव्हरकुसेनला तर बायर कंपनीच्या १७० कामगारांनी सह्या करून क्लबसाठी पत्रच दिलं आणि १९०४ मध्ये तो पदरात पाडून घेतला. कारखान्याचे क्लब ही मालकांची देणगी, या समजुतीला अशी बरीच भोकं आहेत.

हिल्स यांची खरी पंचाईत पैशाने केली. खेळ हौसेनेच खेळावा, हे त्यांचं मत. पण संघाला जिंकायची चटक लागली, पगारी खेळाडू आले, आणि १९०० मध्ये जुना क्लब मोडून वेस्ट हॅम ही स्वतंत्र मर्यादित कंपनी स्थापन झाली. चारच वर्षांत क्लबने हिल्स यांचं मैदानही सोडलं. कारखाना १९१२ मध्ये बंद पडला. क्लबच्या चिन्हावर मात्र जहाजबांधणीतले दोन हातोडे अजून आहेत.

आपल्याकडे मुंबईत या गोष्टीला वेगळं वळण मिळालं. १९३७ मध्ये टाटा स्पोर्ट्स क्लब निघाला. टाइम्स शील्ड ही कंपन्यांच्या संघांची क्रिकेट स्पर्धा त्याआधीच सुरू झाली होती. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आला. त्या निधीत कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि त्यांनी न उचललेला पगारही जमा व्हायचा, म्हणजे बराचसा करमणुकीचा खर्च कामगारांच्याच खिशातून! पण त्यातूनच व्यायामशाळा आणि नाट्यस्पर्धा चालल्या, हेही खरं.

खेळाडूंच्या दृष्टीने मोलाची होती ती कंपनीतली नोकरी. हजेरी लावायची, थोडं टेबल सांभाळायचं आणि नेटवर पळायचं. क्रिकेटमध्ये पोट भरण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर मफतलालमध्ये. कंपनीला नावासाठी संघ हवा होता. खेळाडूंनी त्या पगारावर आपलं क्रिकेट केलं. हिल्स यांना जे पाप वाटलं असतं, ते मुंबईने पगारपत्रकात बसवून टाकलं.

एक दुवा मात्र कच्चा राहिला. वेस्ट हॅमला तिकीट काढून येणारा आपला मोहल्ला होता, म्हणून जहाजांचा धंदा बुडाल्यावरही तो तगला. टाइम्स शील्डचे सामने आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर कुणीही उभं राहून बघावेत असे. संघाचा आधार फक्त पगारपत्रक. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्याच उठल्या, पुढे कंपन्यांनी खर्च आवळले, तेव्हा संघ वाचवायला बाहेरचं कुणी नव्हतं. फुटबॉलमध्येही तेच: महिंद्रा कंपनीच्या महिंद्रा युनायटेड या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला.